गुलदरच्या उस्मानरावांची सून

स्टेट कॉलेज
४ नोव्हेंबर

आई,

पत्राच्या सुरुवातीला 'तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार' लिहायला मला तूच शिकवलंस. या वेळी तेवढं सोडून देते. खोटं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

फराळाचा डबा पोचला. चकल्या आणि करंज्या आश्लेषाने खाल्ल्या. ती गेल्या महिन्यापासून माझ्या अपार्टमेंटमध्ये राहते, नागपूरची आहे, पीएचडी करतेय आणि तिचं तुझ्याशी काही भांडण नाही. मी कणभरही खाल्लं नाही. डबा घासून परत पाठवतेय. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, निदान साखर तरी घालावी, असं तू म्हणतेस. माझ्याकडे तुझ्यासाठी साखर नाही, म्हणून हे पत्र घातलंय.

'आईला ब्लॉक का केलंस?' असं बाबा विचारत होते. तुला काहीही टाइप करून पाठवलं की चहा गाळून होईपर्यंत ते तुमच्या नोव्हायच्या मंडळाच्या नि पुण्याच्या नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर गेलेलं असतं. कागद फॉरवर्ड होत नाही. याचा फोटो काढलास तर बघ.

बाबांकडूनच कळलं की तू म्हणतेस, "एवढं काय आकाश कोसळलं? एक व्हिडिओ तर टाकला." म्हणजे तुला अजून कळलेलंच नाही. मग एकदा नीट सांगते, ओळीने. मधेच तोडून तुझं चालू करायची सोय नाही, हा पत्राचा आणखी एक फायदा.

मी आणि सिरवानने एप्रिलमध्ये इथल्या कोर्टात लग्न केलं. तुला ते लग्न वाटलंच नाही. सप्टेंबरात नोव्हायला हॉल घेऊन अक्षता टाकायच्या आणि त्याआधी केळवण व्हायलाच हवं, म्हणून जूनमध्ये आम्हाला बोलावलंस. शैलजामावशीने थेट न्यू जर्सीतल्या आयसेलिनला जाऊन, गाडीत घालून केळीची पानं आणली. मंडळात कुणाचंही केळवण असो, उखाणा तू रचून देतेस, ती तुझी कीर्ती. मी म्हटलं, 'रेबवारराव' म्हणेन. इथे सगळे त्याला रेबवारच म्हणतात, ते कुर्दांच्या लढाऊ पक्षात गेल्यावर मिळालेलं नाव. तू म्हणालीस, "टोपणनावाने उखाणा घेतात का कुठे? खरं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य वाढतं." आणि मला डावलून त्याला स्वयंपाकघरात गाठलंस. "बेटा, रिअल नेम? फादर्स नेम? व्हिलेज?"

त्याने सांगितलं. का सांगितलंस, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, "माझ्या वडिलांचं नाव इतकी वर्षं फक्त पोलिसांनी विचारलंय. तुझी आई हातात पुरणपोळी घेऊन विचारत होती." त्याची अट एकच होती, फोन नकोत. सगळ्या काकूंनी फोन सोफ्यावर ठेवले. तुझा समईच्या मागे उभा होता, चालू.

समोर केळवणाचं पान, भोवती रांगोळी छान,
गुलदरच्या उस्मानरावांची सून मी, माझा नवरा सिरवान.

काकूंनी टाळ्या वाजवल्या. तो कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, चला, आपलंही चारचौघांसारखं झालं एकदाचं.

तू तो व्हिडिओ मंडळाच्या पानावर टाकलास. वर सनई, खाली 'आमचे कुर्दिश जावई, आपल्या माणसांसाठी लढलेले वीर', त्याखाली त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव. लाखावर लोकांनी पाहिला. मी फोन केला, आई, आत्ताच्या आत्ता काढ. तू म्हणालीस, "अगं, कमेंट्स तरी वाच, किती छान लिहिलंय लोकांनी." काढलास तो अनीशने तुझ्यावर आवाज चढवल्यावर. मुलगा ओरडला की तुला पटतं.

आता जे तुला माहीत नाही ते. तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं नाही असं मी त्याला वचन दिलं होतं. त्याच्या गावी, गुलदरमध्ये, सिरवान मेलेला होता.

तो पक्षात गेला, सीमेपलीकडे इराकच्या डोंगरातल्या छावणीत, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर उस्मानबाबांच्या दारात सारखे शिपाई. थोरला कुठाय, बोलवा त्याला. शेवटी त्या माणसाने स्वतःच्या जिवंत मुलाचं मरण जाहीर केलं. पाठीवर माल घेऊन बॉर्डर ओलांडताना बर्फात गेला, असं सांगितलं. कबर बांधली, दगडावर नाव कोरलं, गावाला जेवण घातलं. त्याची आई तेव्हापासून काळे कपडे घालते. मग शिपाई येईनासे झाले, धाकटा झानियार शिकला, शाळेत मास्तर झाला. सगळं त्या एका कबरीच्या जिवावर चाललं होतं.

आणि तू उखाण्यात त्याला जिवंत केलंस.

ऑगस्टमध्ये झानियारला उचललं. कबर उकरली, आत धोंडे होते. उस्मानबाबांना तिथेच, गावासमोर मारलं. हे मी तुला फोनवर रडत सांगितलं होतं, निदान 'भावाला पकडलं' एवढं तरी. आणि त्यानंतर गणपतीच्या कार्यक्रमात तुझ्या स्लाइडशोत तोच उखाणा पुन्हा लागला. "तो आधीच तयार होता गं, राहून गेलं काढायचं." राहून गेलं!

म्हणून सप्टेंबरातलं लग्न कॅन्सल केलं आणि म्हणून ऑक्टोबरात सिरवान परत गेला, छावणीत. तिथून सीमा जवळ आहे, निदान काही करता येईल म्हणाला. लॉयरने बजावलं होतं, तू बंदूक उचललेला माणूस, तुझी आश्रयाच्या अर्जाची फाईल आधीच अडकलीय, देश सोडलास तर परत यायचं विसर. तरी गेला. मी बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले.

आता विचार, एवढं काय आकाश कोसळलं.

रुचा

⁂

स्टेट कॉलेज
२३ नोव्हेंबर

आई,

बेसनाच्या लाडवांखालून तुझं पत्र निघालं. चार ओळी माफी आणि दोन पानं सल्ला.

लिहितेस, 'मी अजाणतेपणी केलं, पण मुळात त्याने बंदूक उचलायचीच कशाला?' लिहितेस, 'अनीशच्या सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे, या भानगडी त्याच्या फाइलवर यायला नकोत.' आणि सगळ्यात कळस, 'तू अजून तरुण आहेस.' हे शेवटचं वाक्य मी आश्लेषाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यार, तुझी आई डेंजर आहे."

बंदुकीचं मीही त्याला विचारलं होतं. कडाकडा भांडले होते. पण तुला उत्तर माझ्याकडून नको, तुझ्याच शाळेतून देते. मागच्या थँक्सगिव्हिंगला तुझ्या रविवारच्या मराठी शाळेत तो मागे लहान मुलांच्या खुर्चीत बसला होता, आठवतं? तू हत्तीचं चित्र धरून विचारत होतीस, हे काय? आणि तो वेदांत म्हणाला, "इट्स अ हत्ती, ऑब्व्हियसली." सगळे हसले. सिरवान हसला नाही. गाडीत बसल्यावर मला विचारतो, "तुझ्या आईच्या शाळेत पोलीस कधीच आले नाहीत?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, पोलीस कशाला येतील, पार्किंगसाठी? मग त्याने सांगितलं.

त्याच्या वर्गात घरची भाषा तोंडातून निघाली की मास्तर बोटांवर पट्टी मारायचे, उभी, कडेने. झानियार मास्तर झाल्यावर चुलत्याच्या तळघरात पोरांना गोळा करून आपली अक्षरं शिकवायचा. तू चर्चचा हॉल भाड्याने घेऊन जे करतेस, तेच. तुला त्याबद्दल मंडळाने शाल दिली. त्याला आता त्याबद्दलही विचारतायत, तळघरात कोण कोण यायचं.

तर, बंदूक. आधी अर्ज केले होते त्यांनी, शाळेत आपली भाषा शिकवू द्या म्हणून. अर्जावर सही करणारे आत गेले. त्याचा मामेभाऊ पाठीवर चहाची पेटी घेऊन डोंगर उतरत होता, त्याला सीमेवरच्या शिपायांनी वरून गोळी घातली, चहासाठी! मग हा गेला. मोठे पराक्रम नाही सांगत तो. बर्फातला पहारा, पोतंभर कांदे सोलणं आणि म्हाताऱ्या पुढाऱ्यांची भाषणं, एवढंच सांगतो. एक रात्र आहे ज्याबद्दल तो कधी बोलत नाही. मी विचारत नाही. माझा नवरा संत आहे असं मी तुला कधीच म्हटलं नाही, फक्त माझा आहे असं म्हटलं.

आणि त्या पक्षाचीही आरती ओवाळत नाहीये मी. परक्या देशात छावणी घालून यांच्या दोन पिढ्या गेल्या. पुढारी तेच, फोटो तेच, फक्त केस पांढरे. आता तिथल्या सरकारनेही सांगितलं, हत्यारं खाली ठेवा, सीमेपासून मागे सरका, कुंपणात राहा. तरी सकाळी ओळीत उभं राहून गाणं म्हणतात. झानियारला पकडल्यावर यांनी काय केलं? त्याचा फोटो मोठा करून त्याखाली 'आमचा वीर' लिहिलं नि सगळीकडे लावला. तो पक्षात कधीच नव्हता, गं! आता तिकडचे म्हणतात, बघा, पक्षानेच कबूल केलंय. तू रील केलंस, त्यांनी पोस्टर केलं. फरक फक्त सनईचा.

आणखी एक. तू मंडळात त्याला 'ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर' म्हणून सांगितलं होतंस, ते मला प्रतिमाकाकूंनी केळवणातच विचारलं. मला कळेना हसू की रडू. तो युनिव्हर्सिटीची बस चालवायचा, आई. आम्ही त्याच बसमध्ये भेटलो. मी धावत यायचे आणि तो थांबायचा, नियमात नसताना. तुला बस ड्रायव्हरची लाज वाटली म्हणून तू 'वीर' लिहिलंस. नुसतं 'आमचे जावई, बस चालवतात' लिहिलं असतंस तर कुणी बघितलंही नसतं.

लाडू आश्लेषाला दिले. एक मी खाल्ला, भूक लागली होती म्हणून. त्याचा अर्थ काढू नकोस.

रुचा

⁂

स्टेट कॉलेज
१५ डिसेंबर

आई,

डबा तुझ्याकडून यायची वाट न बघता हे साध्या टपालाने पाठवतेय, कारण आज पहिल्यांदा मला तुझ्याकडून काहीतरी हवंय. नीट वाच. बाबांना दाखवू नकोस.

सिरवानचा आठवड्यातून एकदा बाजारातल्या कुणाच्या तरी फोनवरून कॉल येतो. काल म्हणाला, उस्मानबाबांना बोलावून सांगितलंय, थोरला आणा, धाकटा घेऊन जा. थोरला नाही आला तर धाकट्यावर जो आरोप लावतील त्याची शिक्षा काय असते, ते उस्मानबाबांना वेगळं सांगावं लागलं नाही. म्हणजे सिरवान जिवंत आहे तोवर झानियार सुटत नाही. सरळ हिशेब आहे.

सिरवान म्हणाला, "मग मला परत मरायला हवं." पण या वेळी गावातून बातमी उठवून चालणार नाही, उस्मानबाबांवर कोण विश्वास ठेवील? जिथून तो जिवंत असल्याचं कळलं, तिथूनच तो मेल्याचं कळायला हवं. त्या पानावर. तुझ्या हातून. ते लोक ते पान अजून बघतात, झानियारला त्याच्यावरचे फोटो दाखवून विचारतात, ही कोण, तो कोण.

तुला भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली आजीची गोष्ट आठवते? तूच सांगायचीस. आबांच्या डोक्याला कावळ्याने पंख मारला, मोठा अपशकुन. त्यावर उतारा म्हणून आजीने तिच्या भावाला निरोप धाडला, 'आबा गेले.' मामाआजोबा बायकामुलांसकट रडत आले, तर आबा ओट्यावर बसून पान लावतायत! आधी शिव्या दिल्या, मग सगळ्यांनी मिळून चहा प्यायला. खोट्या बातमीवर माणसं खरी रडली की मरण टळतं, असं आजी म्हणायची. आणि आबा त्यानंतर किती जगले बघ.

तेवढंच करायचंय तुला. 'आमचे जावई सिरवान यांचं नॅशव्हिल इथे अपघाती निधन.' तिकडे कुर्द लोक बरेच आहेत, तो कुणा भावाकडे गेला होता, गाडी बर्फावरून घसरली, तिथेच दफन झालं. इथेही मी तेच सांगेन. केळवणाचाच फोटो लाव. आणि हे खोटं आहे हे फक्त तुला आणि मला ठाऊक. बाबांना नाही, अनीशला नाही, मावशीला तर अजिबात नाही. ती रडली पाहिजे. तिचं रडणं न्यू जर्सीपर्यंत ऐकू जातं.

लवकर कर.

रुचा

⁂

स्टेट कॉलेज
७ जानेवारी

आई,

नाही म्हणतेस! मला वाटलं होतं तू अनीशचं कारण देशील, बाबांच्या ब्लडप्रेशरचं देशील. तू लिहितेस, 'जिवंत जावयाची श्रद्धांजली माझ्या हातून लिहून होणार नाही. अभद्र. वाईट वेळी बोललेलं खरं होतं.' शिवाय तोंडावर हळदीकुंकू आहे.

वा. जूनमध्ये नाव घेतलं की आयुष्य वाढतं, तेव्हा शकुन. आता नाव घेतलं की मरण येतं, म्हणून अपशकुन. दोन्ही वेळा तुझंच खरं, आणि दोन्ही वेळा तुरुंगात तो झानियार. त्याच्या हाताची बोटं मोडलीयेत, उजव्या. मास्तरच्या. त्याच्या आईने भेटीत काचेपलीकडून पाहिलं. ती तुझ्याच वयाची आहे.

तुला गंमत सांगू? त्यांच्या छावणीतही खरं नाव घेत नाहीत. बायको नवऱ्याचं घेत नाही, मित्र मित्राचं घेत नाही. आजी आबांना जन्मभर 'अहो, ऐकलंत का' म्हणत राहिली, तसंच. मी सिरवानला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझी आजी आमच्यात चांगली कमांडर झाली असती." तू त्याला आवडतेस, माहितेय? तुला 'दाया' म्हणतो, त्यांच्यात आईला म्हणतात तसं. मी इथे तुझ्या नावाने बोटं मोडतेय आणि तो डोंगरातून विचारतोय, दाया अजून रागावलीय का?

मी रागावलेय, ती नाही, असं त्याला सांगायला हवं होतं. तेव्हा फोन कट झाला.

पाया पडते, आई. बघ, साष्टांग घातला शेवटी. लिही.

रुचा

⁂

स्टेट कॉलेज
१० फेब्रुवारी

आई,

झानियार सुटला.

परवा सिरवानचा फोन आला. जामिनावर सोडलाय, केस चालूच आहे, वजन निम्मं झालंय, रात्री ओरडत उठतो. पण घरी आहे, आईच्या हातचं खातोय. त्यांनी उस्मानबाबांना तुझी पोस्ट दाखवली म्हणे. भाषांतर करून, वर फोटो धरून विचारलं, हाच ना तुझा मुलगा? उस्मानबाबा म्हणाले, हाच. आणि खाली बसले. एका जन्मात दोनदा मुलाचं मरण कबूल करायचं, दोन्ही वेळा तो जिवंत असताना. कसं जमलं असेल?

तू किती मनापासून लिहिलंस, गं. मी साध्या दोन ओळी सांगितल्या होत्या. तू लिहिलंस, 'पानावर बसल्यावर आधी आईंना वाढा म्हणणारा, माझ्या शाळेत लहान मुलांच्या खुर्चीत बसून अ आ ई शिकणारा, विद्यार्थ्यांची बस चालवणारा माझा जावई.' बस चालवणारा! लिहिलंस एकदाचं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

बाकी सगळं यथासांग झालं. मंडळाने झूमवर शोकसभा घेतली. राजेशकाकांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली आणि स्वतःच म्यूट करायला विसरले, मागे कुकरची शिट्टी झाली. शैलजामावशी अपेक्षेप्रमाणे हमसून हमसून रडली. बाबांना रडताना बघवलं नाही, मी कॅमेरा बंद केला. त्यांना सांगू नकोस अजून. इथे मराठी पोरांनी पंधरवडाभर डबे आणले, प्रथमेश म्हणून एक आहे त्याने माझी गाडी बर्फातून काढून दिली. गाइडने रजा दिली, डिपार्टमेंटने फुलं पाठवली. मला रडू येईना, म्हणून मी मान खाली घालून बसायचे. सगळ्यांना वाटलं, धक्क्याने. खरं म्हणजे मला एकदा जोरात हसू आलं होतं, आश्लेषा खिचडी करत होती तेव्हा. बिचारी घाबरली.

मावशीने परवा फोन करून आडून आडून विचारलं, वय किती गं तुझं आता? तिच्या ओळखीत कुणी दिगंबर आहे, घटस्फोटित, टेक्सासला. तुला राग येईल तिचा. मला आला नाही, उलट वाटलं, चला, बातमी पक्की बसली.

पुढचं काय ते ठरतंय. सिरवान म्हणतो, पक्षाचा कागदोपत्री निरोप घेतो, कुठल्या तरी तिसऱ्या देशात भेटू, तू ये, नवीन नाव घेऊ. मी म्हटलं, नाव आता तू ठेवशील ते, मी उखाणा घेणार नाही. तो हसला. झानियारला सीमेपलीकडे आणून पोचवलं की निघतो म्हणाला, वसंतात, बर्फ उतरलं की.

तुझा तिळगूळ मी खाल्ला, आश्लेषाला दिला नाही. थोडा कडक झाला होता.

थँक यू, आई. हे लिहायला मला जड जातंय हे तुला दिसेलच अक्षरावरून.

रुचा

⁂

स्टेट कॉलेज
२७ मार्च

आई,

सिरवान गेला. खरोखर.

त्यांचा नवरोज होता, वर्षाचा पहिला दिवस. छावणीत शेकोटी पेटवायला लाकडं रचत होते. वरून काहीतरी आलं, ड्रोन म्हणतात. कुणी पाठवलं ते कुणी सांगत नाही, आणि मला कळून काय करायचंय? चार माणसं गेली. त्यांचा एक कार्यकर्ता तुटक्या इंग्लिशमध्ये मला सांगत होता, "सिस्टर, रेबवार इज मार्टर." मी म्हटलं, राँग नंबर. पुन्हा केला त्याने.

त्यांनीही त्याचं खरं नाव जाहीर केलेलं नाही. झानियार अजून गावातच आहे ना. थोरला जानेवारीत मेलाय असं सगळ्यांना माहीत आहे, तो आता मार्चमध्ये पुन्हा कसा मरेल? तो इतके दिवस जिवंत होता हे कळलं तर धाकट्याला परत आत टाकतील. म्हणून छावणीतल्या कबरीवर 'रेबवार' एवढंच लिहिलंय. आणि गुलदरमधल्या ज्या दगडावर 'सिरवान' आहे, त्याच्या खाली कुणी नाही. उस्मानबाबांना कळलंय. त्यांना बाहेर रडता येत नाही. त्याची आई आधीपासूनच काळ्या कपड्यांत आहे, त्यामुळे कुणाला काही फरक दिसला नाही.

आणि मला तरी कुठे रडता येतंय? मी कुणाला सांगू? आश्लेषाला वाटतं, मी आता सावरतेय, काल म्हणाली, रंग परत आला तुझ्या चेहऱ्यावर. रजा मी फेब्रुवारीत संपवली. डबे येऊन गेले, फुलं येऊन गेली, शांतता पाळून झाली. गाइड विचारतो, चॅप्टर कधी देतेस? मी काल लॅबमध्ये जाऊन मातीची सँपल्स चाळली, आज बसने गेले. ड्रायव्हर नवीन आहे, धावत येणाऱ्यांसाठी थांबत नाही.

आजीचं खोटं होतं, आई. माणसं खरी रडली तरी टळत नाही. बाबा किती रडले होते.

तू त्या पत्रात लिहिलं होतंस, वाईट वेळी बोललेलं खरं होतं. आता तू घरी बसून तेच उगाळत असशील, की माझ्या हातून लिहिलं म्हणून झालं. त्याने झालेलं नाही. शकुन-अपशकुनाने काही झालेलं नाही. जूनमध्ये समईमागे फोन ठेवलास त्याने झालं. तो तिथे परत गेला ते त्याने गेला. हे मी तुला माफ केलेलं नाही, कधी करीन असं वाटत नाही, आणि आज तुझं मन राखायला खोटं लिहिण्याइतकं त्राण माझ्यात नाही.

पण पहिली बातमी खोटी होती हे या पूर्ण अमेरिकेत फक्त तुला माहीत आहे. म्हणून दुसरी खरी आहे हेही फक्त तुलाच सांगता येतं. माझ्याकडे दुसरं माणूस नाही, गं. नाहीतर तुला लिहिलं नसतं.

तर, ये. बाबांना सांग, रुचाला बरं नाही, ताप आहे. डबा आणू नकोस. आश्लेषा कॅम्पसवर गेली की दार लावून बसू, आणि दोघी मिळून त्याचं नाव घेऊ. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, गावासकट, मोठ्याने. इथे कुणाला कळणार नाही, खाली राहणाऱ्यांना वाटेल मराठी आहे.

फोन घरी ठेवून ये.

रुचा